जास्तीचा रिफंड आला तर पैशाला हात लावू नका, पण घाईने भरूनही टाकू नका

वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडील महापालिकेतून निवृत्त झालेले, भांडुपला राहतात. पेन्शन आणि दोन बँकांतल्या एफडीचे व्याज एवढेच उत्पन्न. जुलैत रिटर्न भरले तेव्हा ११,८४० रुपये रिफंड निघत होता. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात खात्यात ६१,२७० रुपये जमा झाले. आई म्हणते, लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर आलेले पैसे परत करायचे नसतात. भाऊ म्हणतो, चूक सरकारची, ती आपण का निस्तरायची? आणि वडिलांना तेव्हापासून धड झोप नाही. पैसे वापरावेत का, परत करायचे तर कुठे आणि कसे, गप्प बसलो तर काय होईल, असे तुम्ही विचारले आहे.

सगळ्यात आधी वडिलांना सांगा की त्यांच्या हातून काही गैर घडलेले नाही. रिटर्नमध्ये उत्पन्न खरे दाखवले असेल आणि आयकर खात्याने हिशेबात चूक करून जास्त पैसे पाठवले असतील, तर त्याबद्दल त्यांना दंड होत नाही. कमी उत्पन्न दाखवल्याचा दंड, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम २७०ए, रिटर्नमध्ये लिहिलेल्या आकड्यांवर ठरतो. बँकेत किती जमा झाले त्यावर ठरत नाही. दादरला सव्वीस वर्षे हे काम करतोय आणि अशा रकमेने घाबरून गेलेली म्हातारी माणसे बरीच पाहिली. त्यांच्या पोटातला गोळा आधी गेला पाहिजे, मग कागद बघता येतात.

आता पैशाचे. आजच ती जास्तीची रक्कम त्याच बँकेत तीन महिन्यांच्या एफडीत वेगळी काढून ठेवा. सोने, शेअर, नातवाची फी, घराची डागडुजी यांत घालू नका. पण लगेच कुठे भरूही नका. हे दुसरे वाक्य लोकांना पटत नाही, म्हणून ते का म्हणतोय ते पुढे सांगतो.

तुम्ही एक महत्त्वाची गोष्ट लिहिलेली नाही. पासबुकातल्या नोंदीत कोणते असेसमेंट इयर, म्हणजे निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे, रिटर्न भरायचे वर्ष), छापले आहे? आयकराच्या रिफंडच्या नोंदीत साधारणपणे पॅन आणि निर्धारण वर्ष असते. तिथे २०२५-२६ असेल तर हा याच रिटर्नचा पैसा. तिथे २०२१-२२ किंवा आणखी जुने वर्ष दिसले, तर चित्र पार बदलते. माझ्याकडे विक्रोळीच्या एक निवृत्त शिक्षिका अशाच रडवेल्या होऊन आल्या होत्या. जमा झालेली रक्कम पाच वर्षांपूर्वीच्या रिटर्नची निघाली. त्या वर्षी शाळेने टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापलेला कर, उशिरा भरला, त्यांना कापलेल्या कराचे क्रेडिट मिळाले नाही, आम्ही दुरुस्तीचा अर्ज केला आणि त्या तो विसरूनही गेल्या. अर्ज मंजूर होऊन पैसे व्याजासह आले. ते त्यांच्याच घामाचे होते. तेव्हा 'जास्त आले' असे म्हणण्याआधी कुठल्या वर्षाचे आले ते बघा.

वर्ष हेच असेल तर व्याजाचा हिशेब करून टाका, कारण मागितलेला रिफंड आणि आलेला रिफंड यांत व्याजामुळे बहुधा थोडा फरक असतो. रिटर्न मुदतीत भरलेले असले की कलम २४४ए प्रमाणे १ एप्रिलपासून रिफंड मंजूर होईपर्यंत दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते, अर्धवट महिना पूर्ण धरतात. रिफंडची रक्कम एकूण कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मात्र हे व्याज मिळत नाही. तुमच्या बाबतीत एप्रिल ते ऑक्टोबर सात महिने, म्हणजे साडेतीन टक्के. शंभराच्या पटीत धरून ११,८०० वर ४१३ रुपये. सव्वाबारा हजारांपर्यंतचा जमाखर्च समजतो, वरचे एकोणपन्नास हजार व्याजाने समजत नाहीत. (हे ४१३ रुपये पुढच्या वर्षी इतर उत्पन्नात दाखवायचे आहेत. रिफंड स्वतः उत्पन्न नाही, त्यावरचे व्याज आहे. बहुतेक लोक ते विसरतात आणि ते एआयएसमध्ये, म्हणजे आयकर पोर्टलवरच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसत असते.)

त्या एकोणपन्नास हजारांचे उत्तर इंटिमेशनमध्ये, म्हणजे रिटर्न तपासून खाते जो हिशेब कळवते त्या पत्रात, आहे. बेंगळुरूच्या सीपीसीकडून, म्हणजे रिटर्न प्रोसेस करणाऱ्या खात्याच्या केंद्राकडून, कलम १४३(१) खाली ही पीडीएफ ईमेलवर येते. ज्येष्ठ मंडळी ती उघडतच नाहीत, कारण तिला पासवर्ड असतो. पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारखेचे आठ आकडे, मध्ये जागा नाही. ईमेल सापडत नसेल तर पोर्टलवर भरलेल्या रिटर्नच्या यादीतूनही ती उतरवून घेता येते. आत दोन स्तंभ असतात, एकात तुम्ही भरलेले आकडे आणि दुसऱ्यात सीपीसीने धरलेले. वरून खाली बोट फिरवत या. ज्या ओळीवर दोन आकडे पहिल्यांदा वेगळे होतात, तिथे तुमचा प्रश्न आहे. त्याखालच्या सगळ्या ओळी त्या एका फरकामुळे बदललेल्या असतात, त्यांच्याकडे बघून गोंधळू नका.

आणि दोन्ही स्तंभ अगदी सारखे निघाले तर? म्हणजे सीपीसीने रिटर्नमध्ये जे मागितले तेच दिले आणि तुम्हाला वाटते ११,८४० मागितले होते. तुमचे हे असेलच असे मी म्हणत नाही, पण मुंबईत सध्या हे फार चालले आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रिटर्न कोणी भरले? ऑफिसातल्या ओळखीचा कोणी, 'रिफंड काढून देतो, त्यातले वीस टक्के माझे' म्हणणारा? पोलीस वसाहती, रेल्वे क्वार्टर्स, पालिकेचे वॉर्ड, बेस्टचे डेपो, जिथे पगारदार आणि पेन्शनर एकत्र भेटतात तिथे असे लोक फिरतात. ते फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचे प्रमाणपत्र) घेतात, मोबाईलवर आलेला ओटीपी विचारतात आणि रिटर्नमध्ये राजकीय पक्षाला देणगी, गंभीर आजाराचा खर्च, अपंग नातेवाइकाचा सांभाळ, न घेतलेल्या कर्जाचे व्याज असे काहीही घालतात. करदात्याला एक आकडा सांगतात आणि भरतात दुसराच. कधी पोर्टलवर ईमेलही स्वतःचा देतात, म्हणजे इंटिमेशन आणि नोटिसा त्यांच्याकडेच जातात. परळच्या एका गृहस्थांचे असेच झाले होते. ते माझ्याकडे 'सरकारने चुकून जास्त पाठवले' म्हणूनच आले. रिटर्न उघडले तर ८०जीजीसी, म्हणजे राजकीय देणगीच्या वजावटीच्या कलमाखाली, देणगी दाखवलेली. कोणत्या पक्षाला, हेही त्यांना सांगता येईना.

इथे चूक सरकारची नाही. ओटीपी दिला म्हणजे सही केली, आणि रिटर्नमधल्या प्रत्येक आकड्याची जबाबदारी सही करणाऱ्याची. खोटी वजावट दाखवून उत्पन्न चुकीचे सांगितल्याचे ठरले तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड आहे, शिवाय खटल्याची तरतूद आहे. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभर दीडशे ठिकाणी याच प्रकाराची तपासणी केली. त्या आधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार लोकांनी आपणहून रिटर्न अपडेट करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचेही खात्याने तेव्हा जाहीर केले. आपणहून मागे घेणाऱ्याला मार्ग आहे. म्हणून वडिलांचे रिटर्न कोणीही भरलेले असो, अगदी विश्वासातल्या माणसाने, पोर्टलवरून त्याची पूर्ण प्रत काढा आणि वजावटींचे पान स्वतः वाचा. पोर्टलवरचा मोबाईल आणि ईमेल वडिलांचाच आहे ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

आणखी एक शक्यता म्हणजे दुसऱ्याचा टीडीएस. कोणा बँकेने किंवा कंपनीने एखाद्याचा कर कापून भरताना पॅनमधले एक अक्षर चुकवले की तो तुमच्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, दिसू लागतो. रिटर्नचा फॉर्म आता पोर्टलवर बराचसा आधीच भरलेला येतो, माणूस खाली खाली जात 'पुढे' दाबत राहतो आणि दुसऱ्याच्या कराचा रिफंड मागून बसतो. २६एएसमध्ये कर कापणाऱ्याचे नाव असते. वडिलांचा ज्या कंपनीशी कधी संबंध आला नाही तिचे नाव तिथे असेल तर ते पैसे दुसऱ्या कोणाच्या तरी कमाईतले आहेत. तो माणूस कुठेतरी क्रेडिटसाठी हेलपाटे घालत असणार. कर ज्याच्या उत्पन्नातून कापला, क्रेडिट त्याचेच, हा नियम आहे. एआयएसमध्ये त्या नोंदीवर 'ही माहिती माझ्या पॅनची नाही' असा अभिप्राय नोंदवता येतो, तो नोंदवाच.

मात्र अनोळखी नाव म्हणजे चूकच असेही नाही. रिडेव्हलपमेंटमध्ये गेलेल्या इमारतींचे बिल्डर पर्यायी घराच्या भाड्यावर टीडीएस कापतात आणि रहिवाशांना त्याचा पत्ताच नसतो. असे ट्रान्झिट भाडे म्हणजे उत्पन्न नव्हे आणि त्यावर टीडीएस कापायचा नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. तुमच्या इमारतीचे असे काही चालू असेल तर तो रिफंड हक्काचा ठरू शकतो.

हे सगळे तपासून झाल्यावर उरते ती खात्याची चूक. ती होते का? होते, आणि नुकतीच झाली आहे. तेव्हा जुन्या करपद्धतीत पाच लाख आणि नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए ची करात सूट मिळत होती. शेअरच्या अल्पकालीन नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर ती मिळावी की नाही, यावर बराच वाद झाला. ५ जुलै २०२४ पासून पोर्टलने ती देणे बंद केले. आपल्या मुंबईतली करसल्लागारांची संस्था, चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स, उच्च न्यायालयात गेली आणि करदात्याला दावा करण्यापासूनच रोखणारी यंत्रणा चालणार नाही, असे न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. दरम्यान काहींच्या रिटर्नमध्ये ही सूट दिली गेली होती. खात्याच्या मते ती चुकून दिली होती. १९ सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रक क्रमांक १३ नुसार त्या केसेस दुरुस्त करून पैसे परत मागायचे ठरले. सवलत एवढीच, की ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरले तर उशिराचे व्याज माफ.

तुमच्या भावाला हे वाचून दाखवा. सूट खात्याने दिली, रिफंड खात्याने पाठवला, लोकांनी तो खर्चही केला. तरी मुद्दल सोडलेले नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्याचे कलम ७२ सांगते की चुकून मिळालेला पैसा परत करावा लागतो. आयकरात कलम १५४ खाली खात्याला आपली चूक दुरुस्त करायला आदेश निघाला त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षे मिळतात. चार वर्षे हा फार मोठा काळ आहे. तेव्हा वडिलांचे वय काय असेल, बँकेतले ते खाते चालू असेल का, पैसे कुठे गेले हे कोणाला आठवेल का, याचा विचार करा. माझा गप्प बसण्याला विरोध आहे तो मुख्यतः यासाठी. अर्थात कर वाढवणारी किंवा रिफंड कमी करणारी दुरुस्ती करण्याआधी खात्याने नोटीस देऊन तुमचे म्हणणे ऐकायला हवे. पण नोटीस ईमेलवर येते आणि ईमेल कोणी बघत नाही.

डिमांड, म्हणजे खात्याची पैशांची लेखी मागणी, निघाल्यावर भरायला तीस दिवस असतात, नंतर दरमहा एक टक्का व्याज चालू होते. न भरल्यास पुढचे रिफंड कलम २४५ खाली वळते होतात. त्याआधी उत्तर द्यायला २१ दिवस मिळतात. आणि रिटर्न छाननीला जाऊन नियमित निर्धारणात रिफंड जास्त गेल्याचे ठरले, तर कलम २३४डी प्रमाणे रिफंड दिल्या तारखेपासून दरमहा अर्धा टक्का द्यावा लागतो. म्हणजे ४९,००० वर महिन्याला २४५ रुपये. एफडीत ठेवलेल्या पैशाचे व्याज साधारण तेवढे भरून काढते, म्हणून सुरुवातीलाच तसे सांगितले.

आता परत करायचे कसे. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक अतिशय सरळ गृहस्थ आले होते. त्यांना जास्त रिफंड आल्याचे कळताच त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वयंनिर्धारण कर (आपला आपण हिशेब करून भरायचा कर) म्हणून चलन भरून टाकले. मीही त्यांना थांबवले नाही आणि त्याची मला अजून खंत वाटते. कारण खात्याच्या नोंदीत त्यांच्याकडे काही येणेच नव्हते. पैसे चलनात नुसते लटकत राहिले. पुढे चूक लक्षात येऊन डिमांड निघाली तेव्हा ते चलन तिला जुळेना. वर्षभर हेलपाटे झाले. तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे. आधी नोंद दुरुस्त करायची, त्यातून डिमांड निघू द्यायची, मग त्या डिमांडपोटी भरायचे.

चूक रिटर्नमध्ये असेल, तुमची किंवा एजंटची, तर सुधारित रिटर्न भरा. निर्धारण वर्ष २०२५-२६ साठी त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ आहे आणि मी हे नोव्हेंबर २०२५ च्या मध्यात लिहितोय, म्हणजे हातात दीड महिना आहे. इंटिमेशन आली, रिफंड आला, तरी सुधारित रिटर्न भरता येते. ते प्रोसेस झाले की आधी दिलेला रिफंड धरून फरकाची डिमांड निघते. ही तारीख हुकली तर अपडेटेड रिटर्नचा मार्ग उरतो, पण त्यात कर आणि व्याजावर किमान पंचवीस टक्के जादा भरावे लागतात. हातातली स्वस्त वाट सोडू नका.

रिटर्न बरोबर आणि चूक सीपीसीची असेल तर रिटर्न बदलायचे नाही. पोर्टलवर दुरुस्तीची विनंती करा आणि सोबत तक्रार विभागातही लिहा. मजकूर लांबलचक नको. इतके मागितले होते, या तारखेला इतके जमा झाले, इंटिमेशनच्या अमुक ओळीत फरक दिसतो, जास्तीची रक्कम वेगळी ठेवली आहे, कृपया दुरुस्ती करून डिमांड काढावी. एवढ्या चार-पाच वाक्यांनी वडील प्रामाणिक होते याचा तारखेसह पुरावा तयार होतो. पोचक्रमांक जपून ठेवा. महिना-दीड महिन्यात हालचाल दिसली नाही, तर पोर्टलवर 'नो युअर एओ' (तुमचा निर्धारण अधिकारी कोण) मध्ये पॅन टाकून अधिकारी कुठे बसतो ते बघा. मुंबईत तो चर्चगेटच्या आयकर भवनात, लालबागच्या पिरामल चेंबर्समध्ये किंवा बीकेसीच्या कौटिल्य भवनात असू शकतो. तेच पत्र दोन प्रतींत घेऊन जा, एक आवक खिडकीवर द्या आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या.

डिमांड निघाली की पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समधून, त्याच निर्धारण वर्षासाठी, नियमित निर्धारण कर म्हणजे ४०० या मायनर हेडखाली (चलनातल्या भरण्याच्या प्रकाराखाली) भरा. दुसरा कोणताही रस्ता नाही. हे ठामपणे लिहितोय, कारण रिफंडच्या दिवसांत 'आयकर विभागातून बोलतोय, तुम्हाला जास्त पैसे गेलेत, या यूपीआयवर परत पाठवा' असे फोन येतात. खात्याचा अधिकारी कोणाच्या खात्यावर पैसे मागत नाही, ओटीपी मागत नाही, लिंक पाठवत नाही. खात्याच्या पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक, असतो आणि तो पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. असा फोन करून वडिलांकडून कोणी पैसे नेलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणे अवघड.

आता तुम्ही एवढे करा. पासबुकातल्या नोंदीतले निर्धारण वर्ष, इंटिमेशनमधली आकडे वेगळे होणारी पहिली ओळ आणि २६एएसमधली कर कापणाऱ्यांची यादी, या तीन गोष्टी मला कळवा. पॅन, खाते क्रमांक, जन्मतारीख मात्र कुठेही लिहू नका. त्यावरून सुधारित रिटर्न भरायचे की दुरुस्तीचा अर्ज करायचा, हे सांगता येईल. सुधारित रिटर्न भरावे लागणार असेल तर निदान डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळवा, शेवटच्या दिवसांत पोर्टल फार रडवते.